मुंबई–लंडन हवाई मार्ग

मुंबई–लंडन हवाई मार्ग हा महाराष्ट्राची राजधानी मुंबई आणि युनायटेड किंग्डमची राजधानी लंडन या शहरांना जोडणारा आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचा मार्ग आहे. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांच्यातील सर्वांत कमी अंतर सुमारे ७,२१० किमी (सुमारे ४,४८० मैल किंवा ३,८९५ सागरी मैल) आहे. वाटेत न थांबणाऱ्या विमानाला मुंबईहून लंडनला जाण्यास साधारणपणे साडेनऊ ते साडेदहा तास, तर लंडनहून मुंबईला येण्यास साडेआठ ते साडेनऊ तास लागतात.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनल या कंपनीने या मार्गावर नियमित सेवा सुरू केली. स्वतंत्र भारतातील विमान कंपनीची युरोपला जाणारी ही पहिली नियमित सेवा होती. दोन शहरांमधील अंतर स्थिर असले, तरी प्रवासाचा वेळ विमानाचा प्रकार, वाऱ्याची दिशा आणि वाटेतील देशांच्या हवाई हद्दी खुल्या आहेत की बंद, यांवर अवलंबून असतो. या मार्गावरील सर्वांत जवळची वाट पाकिस्तान, इराण, कॉकेशस आणि युक्रेन या प्रदेशांवरून जाते. त्यामुळे एकविसाव्या शतकात ती पूर्णपणे वापरता येणे दुर्मीळ झाले आहे.

## अंतर

पृथ्वी गोलाकार असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट ही बृहद्वृत्ताचा भाग असते. पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळास बृहद्वृत्त म्हणतात. मुंबईचा विमानतळ सुमारे १९°०५′ उत्तर अक्षांश व ७२°५२′ पूर्व रेखांशावर, तर हीथ्रो विमानतळ सुमारे ५१°२८′ उत्तर अक्षांश व ०°२८′ पश्चिम रेखांशावर आहे. या स्थानांवरून काढलेले बृहद्वृत्तीय अंतर सुमारे ७,२१० किमी भरते. ही लांबी पृथ्वीच्या परिघाच्या सुमारे १८ टक्के आहे.

मुंबईहून निघालेली ही रेषा वायव्येकडे जाते. ती सौराष्ट्र आणि कच्छचे आखात ओलांडून पाकिस्तानच्या सिंध व बलुचिस्तान प्रांतांवर येते. तेथून पूर्व व उत्तर इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, अझरबैजान, जॉर्जिया, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, मध्य युरोप आणि उत्तर समुद्राचे दक्षिण टोक ओलांडून ती इंग्लंडमध्ये पोहोचते. लंडन मुंबईच्या तुलनेत ३२ अंशांहून अधिक उत्तरेला असूनही, लंडनहून मुंबईकडे येणारी ही रेषा प्रारंभी जवळजवळ थेट पूर्वेकडे जाते आणि नंतर हळूहळू दक्षिणेकडे वळते.

शाळेच्या भिंतीवर असणाऱ्या मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावर मात्र ही वाट उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखी दिसते व लांबची वाटते. त्याच नकाशावर पट्टी ठेवून दोन शहरांमध्ये सरळ रेघ मारल्यास ती दक्षिण इराण, इराक, दक्षिण तुर्कस्तान आणि बाल्कन प्रदेशावरून जाते. दिसायला सरळ असलेल्या या रेघेची प्रत्यक्ष लांबी सुमारे ७,४१० किमी, म्हणजे बृहद्वृत्तापेक्षा २०० किमी जास्त आहे. दोन्ही शहरांच्या मधल्या रेखांशावर, म्हणजे ३६ अंश पूर्वेच्या आसपास, या दोन वाटांमध्ये सुमारे ९०० किमीचे अंतर पडते.

समुद्रमार्गे हे अंतर बरेच अधिक आहे. सुएझ कालव्यातून मुंबई–लंडन सागरी अंतर सुमारे ११,६०० किमी, तर आफ्रिकेच्या दक्षिणेकडील केप ऑफ गुड होपला वळसा घालून ते सुमारे १९,८०० किमी आहे.

## उड्डाणाचा वेळ

### वाऱ्याचा परिणाम

लांब पल्ल्याची जेट विमाने साधारणपणे १० ते १२ किमी उंचीवरून ताशी सुमारे ९०० किमी वेगाने उडतात. हा वेग सभोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. जमिनीच्या तुलनेत विमानाचा वेग किती भरेल, हे ती हवा स्वतः कोणत्या दिशेला वाहते आहे यावर ठरते. मध्य अक्षांशांमध्ये या उंचीवर प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात. त्यांतील अरुंद व अतिवेगवान पट्ट्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यामुळे लंडनकडे जाताना विमानाला समोरचा वारा, तर मुंबईकडे येताना पाठीमागचा वारा मिळतो.

वाऱ्याचा हिशेब पुढील उदाहरणावरून समजतो. विमान ७,२१० किमी अंतर हवेच्या तुलनेत ताशी ९०० किमी वेगाने कापते असे धरल्यास:

* वारा नसताना लागणारा वेळ: सुमारे ८ तास १ मिनिट
* ताशी ८० किमी समोरचा वारा असताना: सुमारे ८ तास ४८ मिनिटे
* ताशी ८० किमी पाठीमागचा वारा असताना: सुमारे ७ तास २१ मिनिटे

म्हणजे एकाच वाऱ्यामुळे जाण्या-येण्याच्या वेळांत जवळपास दीड तासाचा फरक पडतो. जाताना सुमारे ४७ मिनिटे वाया जातात, परंतु येताना सुमारे ३९ मिनिटेच वाचतात. विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ राहते आणि अनुकूल वाऱ्यातून ते लवकर बाहेर पडते, हे त्याचे कारण आहे. त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी जाऊन-येऊन होणारा एकूण प्रवास शांत हवेतील प्रवासापेक्षा नेहमीच थोडा लांबतो.

हिवाळ्यात उपोष्ण कटिबंधीय जेट प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारत आणि पाकिस्तानवर असतो. उन्हाळ्यानंतर तो हिमालयाच्या उत्तरेकडे सरकतो आणि मोसमी पावसाच्या काळात भारतीय द्वीपकल्पावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वेगळा जेट प्रवाह तयार होतो. या ऋतुबदलामुळे जाण्याच्या व येण्याच्या वेळांतील तफावत हिवाळ्यात अधिक जाणवते. विमान कंपन्या दररोज वाऱ्याचा अंदाज पाहून त्या दिवसाची वाट निश्चित करतात. अनेकदा नकाशावर लांब दिसणारी वाट वाऱ्यामुळे कमी वेळाची व कमी इंधनाची ठरते.

### वेळापत्रकातील वेळ

तिकिटावर छापलेला वेळ हा केवळ आकाशातील वेळ नसतो. विमान आपल्या उभ्या राहण्याच्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरील जागेवर थांबेपर्यंतचा सर्व काळ त्यात धरलेला असतो. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे वाहतूक चालवता येत नाही आणि गर्दीच्या वेळी विमानांना रांगेत थांबावे लागते. हीथ्रोलाही दोनच धावपट्ट्या असून तेथे रात्रीच्या उड्डाणांवर मर्यादा आहेत. पहाटे तेथे पोहोचणाऱ्या विमानांना उतरण्याची पाळी येईपर्यंत आकाशात घिरट्या घालाव्या लागू शकतात. चढण, उतरण, धावपट्टीपर्यंतची वाटचाल आणि वाटेतील वळसे यांमुळे आठ तासांचा हिशेब प्रत्यक्षात साडेआठ ते साडेदहा तासांवर जातो.

## घड्याळातील फरक

भारतीय प्रमाणवेळ हिवाळ्यात लंडनच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. त्या काळात हा फरक साडेचार तासांचा होतो.

हिवाळ्यात मुंबईहून पहाटे २ वाजता निघालेले विमान दहा तासांनी लंडनला पोहोचल्यास तेथे सकाळचे ६:३० वाजलेले असतात. घड्याळानुसार हा प्रवास साडेचार तासांचाच दिसतो. उलट लंडनहून रात्री ९ वाजता निघालेले विमान नऊ तासांनी मुंबईला पोहोचल्यास येथे सकाळचे ११:३० वाजलेले असतात आणि तोच प्रवास साडेचौदा तासांचा भासतो. परतीचा प्रवास प्रत्यक्षात लहान असूनही प्रवाशाला मोठा वाटतो, तो या फरकामुळे.

मुंबईची रेखांशानुसार येणारी स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यानंतरही मुंबईत ही ‘मुंबई वेळ’ वापरात होती. तिचा अधिकृत वापर १९५५ मध्ये संपला. तोपर्यंत या दोन शहरांच्या घड्याळांमधील फरक दोन प्रकारे मोजला जात असे.

## इतिहास

### समुद्रमार्ग आणि टपाल

शिडाच्या जहाजांच्या काळात मुंबईहून इंग्लंडला जाण्यास केप ऑफ गुड होपमार्गे चार ते सहा महिने लागत. पत्र पाठवून त्याचे उत्तर येण्यात सुमारे वर्ष जाई. १८३० मध्ये ह्यू लिंडसे ही वाफेवर चालणारी बोट मुंबईहून सुएझला सुमारे एका महिन्यात पोहोचली. पुढे थॉमस वॅगहॉर्न याने सुएझ, कैरो आणि अलेक्झांड्रिया यांमधील खुष्कीच्या टप्प्याने टपाल व प्रवासी नेण्याची व्यवस्था बसवली आणि हा प्रवास काही आठवड्यांवर आला. साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह यांची बाजू मांडण्यासाठी गेलेले रंगो बापूजी गुप्ते याच काळात सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये होते.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा वाहतुकीस खुला झाला. १८७० मध्ये समुद्राखालील तारायंत्राने मुंबई आणि इंग्लंड जोडले गेले. त्यानंतर संदेश माणसापेक्षा कितीतरी लवकर पोहोचू लागला. विनायक दामोदर सावरकर यांना घेऊन १ जुलै १९१० रोजी लंडनहून निघालेली ‘मोरिया’ बोट मार्सेलिस बंदरात असताना ८ जुलै रोजी त्यांनी समुद्रात उडी घेतली. मुंबईचा बहुतांश प्रवास तेव्हा पुढेच होता. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी मोहनदास करमचंद गांधी २९ ऑगस्ट १९३१ रोजी ‘राजपुताना’ या बोटीने मुंबईहून निघाले आणि मार्सेलिसहून पुढे फ्रान्समार्गे १२ सप्टेंबर रोजी लंडनला पोहोचले. सागरी प्रवासाच्या प्रगत काळातही मुंबई–लंडन अंतर सुमारे दोन आठवड्यांचे होते.

इंपीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ रोजी लंडन–कराची ही टपाल व प्रवासी सेवा सुरू केली. तिला सुमारे सात दिवस लागत आणि वाटेतील काही टप्पा रेल्वेने पार करावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून टपाल आणले. त्यामुळे लंडनहून आलेले टपाल मुंबईपर्यंत विमानाने पोहोचण्याची सोय झाली.

### मलबार प्रिन्सेस

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून ३५ प्रवाशांसह निघाले. टाटाही त्या विमानात होते. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबून ते १० जून रोजी लंडनला पोहोचले. पंख्याच्या चार इंजिनांवर चालणाऱ्या या विमानाला संपूर्ण अंतर एका दमात कापणे शक्य नसल्याने इंधनासाठी थांबे आवश्यक होते. मुंबई–कैरो–जिनिव्हा–लंडन या टप्प्यांची बेरीज सुमारे ७,९०० किमी होते. म्हणजे केवळ थांब्यांसाठी विमान जवळच्या वाटेपेक्षा सुमारे ७०० किमी अधिक उडत असे.

### जेट युग

१९६० मध्ये एअर इंडियाने लंडन मार्गावर बोइंग ७०७ ही जेट विमाने आणली. कॉन्स्टेलेशनचा उड्डाणवेग ताशी सुमारे ५०० किमी होता. ७०७ मुळे तो ताशी ९०० किमीच्या घरात गेला. १९७१ मध्ये बोइंग ७४७ विमाने दाखल झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात प्रवासी विमानांचा वेग फारसा वाढलेला नाही. १९६० नंतर या मार्गावरील प्रवासाचा वेळ कमी झाला, तो मुख्यतः इंधनासाठी घ्यावे लागणारे थांबे नाहीसे झाल्यामुळे.

| काळ | साधन व मार्ग | मुंबई–लंडन प्रवासाचा साधारण वेळ |
|---|---|---|
| अठरावे शतक | शिडाचे जहाज, केप ऑफ गुड होपमार्गे | ४ ते ६ महिने |
| १८४० चे दशक | वाफेची बोट व इजिप्तमधील खुष्कीचा टप्पा | ५ ते ६ आठवडे |
| १९३० चे दशक | बोट सुएझमार्गे, मार्सेलिसहून पुढे रेल्वे | २ आठवडे |
| १९४८ | कॉन्स्टेलेशन विमान, दोन थांबे | ८ जून ते १० जून |
| १९६० चे दशक | बोइंग ७०७, वाटेत थांबे | एका दिवसाच्या आत |
| एकविसावे शतक | न थांबता जाणारे जेट विमान | ८.५ ते १०.५ तास |

## अपघात

या मार्गावर एअर इंडियाची दोन विमाने सुमारे पंधरा वर्षांच्या अंतराने आल्प्स पर्वतातील एकाच शिखरावर, फ्रान्समधील माँ ब्लाँ येथे कोसळली. दोन्ही विमाने मुंबईहून निघाली होती आणि जिनिव्हा येथील थांब्याकडे जात होती.

३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ माँ ब्लाँवर आदळले आणि त्यातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. मार्गावरील पहिले उड्डाण करणारे विमान ते हेच. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून दिल्ली व बैरुतमार्गे निघालेले ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान त्याच पर्वतावर कोसळले. त्यातील सर्व ११७ जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये भारताच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी भाभा यांचा समावेश होता. विमानातील एक दिशादर्शक ग्राहकयंत्र नादुरुस्त होते, आणि विमान शिखराच्या अलीकडे आहे की पलीकडे याबाबत वैमानिक व नियंत्रक यांच्यात गैरसमज झाला, असे चौकशीत आढळले. पर्वत ओलांडला आहे असे समजून विमान खाली आणले गेले होते.

या अपघातांतील अवशेष बोसाँ हिमनदीतून अनेक दशकांनंतरही बाहेर येत राहिले. २०१२ मध्ये ‘कांचनजंगा’मधील भारतीय राजनैतिक टपालाची पिशवी तेथे सापडली.

## हवाई हद्दी आणि वळसे

७ डिसेंबर १९४४ रोजी झालेल्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूप्रदेशावरील हवाई हद्दीवर पूर्ण सार्वभौमत्व असते. दुसऱ्या देशावरून न उतरता उडण्याची मुभाही त्या देशाच्या संमतीवर अवलंबून असते व त्यासाठी शुल्क भरावे लागते. मुंबई–लंडन बृहद्वृत्त ज्या देशांवरून जाते, त्यांतील अनेक ठिकाणी ही संमती किंवा सुरक्षितता वेळोवेळी नाहीशी झाली आहे.

* पाकिस्तान: जानेवारी २००२ पासून सुमारे दोन वर्षे भारत व पाकिस्तान यांनी परस्परांच्या विमान कंपन्यांना आपल्या हद्दी बंद ठेवल्या. बालाकोट हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपली हद्द बंद केली व ती १६ जुलै २०१९ रोजी पूर्णपणे खुली झाली. पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा बंदी घातली. भारताने ३० एप्रिल रोजी पाकिस्तानी विमानांवर तशीच बंदी घातली.
* इराण: ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानजवळ युक्रेनचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले व त्यात १७६ जणांचा मृत्यू झाला. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ले केल्यावर इराणची हद्द बंद झाली. त्या दिवशी एअर इंडियाचे मुंबईहून लंडनला निघालेले विमान वाटेतून मुंबईला परतले.
* युक्रेन: १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचे विमान पाडले गेले व त्यातील सर्व २९८ जण मरण पावले. रशियाच्या आक्रमणानंतर २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनची संपूर्ण हद्द नागरी विमानांना बंद झाली.

२०२५ मधील पाकिस्तानची बंदी केवळ भारतीय कंपन्यांसाठी होती. त्यामुळे एकाच रात्री मुंबईहून लंडनला निघालेल्या भारतीय आणि ब्रिटिश कंपन्यांच्या विमानांना वेगवेगळ्या वाटा उपलब्ध होत्या. भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे जाऊन, ओमान व आखाती देशांवरून पुढे युरोपकडे वळावे लागते. वळशामुळे अधिक इंधन लागते, आणि अधिक इंधनाच्या वजनामुळे प्रवासी किंवा माल कमी न्यावा लागू शकतो. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांवरील मर्यादाही पाळाव्या लागतात.

अशा बंदीचा फटका दिल्लीपेक्षा मुंबईला कमी बसतो. दिल्लीहून पश्चिमेला जाताना पाकिस्तान थेट वाटेत येतो. मुंबई किनाऱ्यावर असल्याने विमानाला काही मिनिटांतच खुल्या समुद्रावरील वाट मिळते. मात्र पाकिस्तान, इराण आणि इराक या हद्दी एकाच वेळी बंद झाल्यास मुंबईच्या विमानांनाही सौदी अरेबिया व इजिप्तमार्गे जावे लागते. ही वाट १९४८ मधील ‘मलबार प्रिन्सेस’च्या कैरोमार्गे जाणाऱ्या वाटेच्या जवळ येते.

## प्रवासी आणि सेवा

या मार्गावर एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक या कंपन्यांनी न थांबता जाणाऱ्या सेवा चालवल्या आहेत. २००५ पासून जेट एअरवेजही या मार्गावर होती. एप्रिल २०१९ मध्ये त्या कंपनीची उड्डाणे बंद पडली. याशिवाय अनेक प्रवासी दुबई, दोहा, अबू धाबी यांसारख्या आखाती शहरांत विमान बदलून प्रवास करतात. त्यात एकूण वेळ वाढतो, परंतु भाडे अनेकदा कमी असते.

विद्यार्थी, व्यावसायिक, पर्यटक आणि दोन्ही देशांत नातेवाईक असलेली कुटुंबे हे या मार्गाचे प्रमुख प्रवासी आहेत. लंडनमधील मराठी भाषकांची महाराष्ट्र मंडळ ही संस्था १९३२ मध्ये स्थापन झाली. त्या वेळी मुंबईहून तेथे जाण्यास बोटीने दोन आठवडे लागत. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर विद्यार्थिदशेत लंडनच्या ज्या घरात राहत, ते १०, किंग हेन्रीज रोड येथील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. तेथे त्यांचे स्मारक असून मुंबईहून जाणारे अनेक प्रवासी त्याला भेट देतात.